फ्लॅटमध्ये एकटा राहू न शकणारा कुत्रा: ठाणे-नवी मुंबईतल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळी आठला घर रिकामं होतं आणि साडेआठला शेजारच्यांचा फोन येतो, "तुमचा कुत्रा केव्हाचा रडतोय." घोडबंदर रोडवरचा टॉवर असो की नेरुळचं सिडकोचं रो-हाउस, तक्रार हीच असते. सगळं एका बैठकीत वाचायला वेळ नसेल तर "मधल्या काळात कुत्र्याला कुठे ठेवायचं" आणि "दाराचा सराव" हे दोन प्रश्न आधी वाचा. बाकीचं सगळं त्या दोन उत्तरांवर उभं आहे.

सेपरेशन अँक्झायटी म्हणजे नेमकं काय? आम्ही त्याला लाडावून ठेवलंय म्हणून असं होतं का?

ही घबराट आहे. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली, दिवे गेले आणि मोबाइलला रेंज नाही, अशा वेळी माणसाच्या छातीत जे होतं तेच कुत्र्याला दार बंद झाल्यावर होतं. त्या अवस्थेत तो विचार करून काही करत नाही. दाराची चौकट ओरबाडतो ती बाहेर पडायला, उशी फाडतो ती तिला तुमचा वास असतो म्हणून, आणि ज्या घरात एरवी कधी शू करत नाही तिथेच ती सुटते कारण भीतीत शरीरावर ताबा राहत नाही.

लाडाचा याच्याशी फारसा संबंध नाही. कुत्रा पलंगावर झोपतो किंवा स्वयंपाकघरापासून बाथरूमपर्यंत मागे मागे फिरतो म्हणून हा त्रास सुरू होत नाही. तेव्हा उपाय म्हणून त्याला जवळ येऊ न देणं, हाक मारल्यावर दुर्लक्ष करणं असले प्रकार करू नका. आधीच घाबरलेल्या जिवाचा आधार त्यामुळे तुटतो.

कंटाळा आहे की भीती, हे कसं ओळखायचं?

व्हिडिओ काढून. अंदाजावर जाऊ नका. जुना मोबाइल शोकेसवर किंवा शू-रॅकवर असा टेकवा की मुख्य दार आणि त्यासमोरची जागा दोन्ही दिसतील. त्यावरून स्वतःच्या फोनला व्हिडिओ कॉल लावा, तुमच्या बाजूचा आवाज म्यूट करा आणि खरंच निघा, म्हणजे लिफ्टने खाली जा. जिन्यात उभं राहून चालत नाही, कारण तुम्ही दाराबाहेरच आहात हे त्याला वासावरून आणि चाहुलीवरून कळतं.

भीती असेल तर चित्र बहुधा पहिल्या काही मिनिटांतच स्पष्ट होतं आणि पहिल्या अर्ध्या तासात सगळ्यात तीव्र असतं. दारापाशी येरझाऱ्या, धाप लागणं, तोंडातून लाळ गळून फरशीवर ओलं डबकं, मान वर करून लांबलचक रडणं, दाराच्या फटीशी नाक लावून उभं राहणं. समोर आवडीचा खाऊ असूनही तो हुंगत नाही, ही फार बोलकी खूण आहे. कंटाळलेला कुत्रा मात्र आधी झोपतो, तासाभराने उठून चप्पल शोधतो, मजेत चावतो आणि पुन्हा झोपतो.

फक्त लिफ्टचं दार उघडल्यावर किंवा कुरिअरवाला पॅसेजमध्ये आल्यावर भुंकून गप्प होत असेल तर तो राखणदारीचा प्रश्न आहे. तुम्ही घरात असतानाही कोपऱ्यात शू होत असेल तर मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा अर्धवट राहिलेली सवय बघावी लागेल. फटाके, ढगांचा गडगडाट, दहीहंडीचे डीजे यांची भीती वेगळी, पण ती एकटेपणाच्या भीतीसोबत असू शकते आणि तिला वाढवते.

एक विनंती. निदानासाठी पूर्ण अर्धा तास त्याला रडू देण्याची गरज नाही. रडणं सुरू झालं की वेळ लिहून घ्या आणि परत या. "२ मिनिटं ४० सेकंद" हा आकडा पुढच्या सगळ्या सरावाचा पाया आहे.

घरी आल्यावर तो कान पाडून, नजर चुकवून बसतो. म्हणजे चूक केलीय हे त्याला कळतं ना?

नाही. न्यूयॉर्कमधल्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये हेच तपासलं. कुत्र्याने मनाई केलेला खाऊ खाल्ला होता की नाही, यावर तो अपराधी चेहरा अवलंबून नव्हता. मालक रागावले की तो दिसायचा, आणि काहीच न केलेल्या कुत्र्यांच्या चेहऱ्यावरही दिसायचा. तुमचा आवाज आणि खांदे बघून तो तुम्हाला शांत करायचा प्रयत्न करतो, एवढाच त्याचा अर्थ. फाटलेल्या उशीपाशी नेऊन ओरडलात तर तो इतकंच शिकतो की एकटं राहणं भीतीचं आहे आणि तुम्ही परत येणंही.

हे अचानक का सुरू झालं? दोन वर्षं तर व्यवस्थित राहत होता.

बहुतेक वेळा घरात काहीतरी बदललेलं असतं. वर्क फ्रॉम होम संपलं, मुलगी शिकायला बाहेर गेली, आजी गेल्या, नौपाड्यातल्या जुन्या घरातून कासारवडवलीच्या नव्या फ्लॅटमध्ये आलात. २०२०-२१ च्या लॉकडाउनमध्ये आणलेल्या अनेक पिल्लांनी तर रिकामं घर पाहिलंच नव्हतं. दत्तक घेतलेल्या इंडींनाही, म्हणजे रस्त्यावरच्या देशी कुत्र्यांनाही, हे नवं असतं. रस्त्यावर सतत सोबती, माणसं, आवाज असतात, बंद दाराआडची शांतता नसते.

कधी एकच प्रसंग पुरतो: तुम्ही बाहेर असताना वरच्या मजल्यावर ड्रिलिंग सुरू झालं, किंवा शेजारी फटाक्यांची माळ लागली. वय ८-९ च्या पुढे असेल आणि सोबत रात्री भटकणं, कोपऱ्यात अडकून उभं राहणं, झोपेची वेळ उलटणं दिसत असेल तर म्हातारपणातला मेंदूचा आजार असू शकतो. सांधेदुखी, कमी होत चाललेली दृष्टी किंवा ऐकू येणं यांनीही असुरक्षितता वाढते. म्हणून सरावाला बसण्याआधी व्हेटकडून पूर्ण तपासणी, लघवीची चाचणी आणि मोठ्या कुत्र्याची रक्ततपासणी करून घ्या. जाताना व्हिडिओ फोनमध्ये घेऊन जा. दवाखान्यात टेबलावर कुत्रा वेगळाच वागतो, घरातली ४० सेकंदांची क्लिप डॉक्टरांना जास्त सांगून जाते.

उपचार चालू असताना आम्ही ऑफिसला जायचं कसं? मधल्या काळात कुत्र्याला कुठे ठेवायचं?

याच ठिकाणी बहुतेक प्रयत्न फसतात. संध्याकाळी २० मिनिटं सुंदर सराव होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ ते संध्याकाळी सात कुत्रा पुन्हा एकटा घाबरत बसतो. सरावाने जमवलेला विश्वास रोज सकाळी पुसला जातो. त्यामुळे नियम कठोर आहे: सराव चालू असेपर्यंत, तो जितका वेळ शांत राहू शकतो त्याहून एक मिनिटही जास्त एकटा ठेवायचा नाही.

अशक्य वाटतं, पण एक कागद घेऊन आठवड्याचे तास मांडा. बहुतेक कुत्र्यांना ठराविक माणूसच लागतो असं नाही, कोणीही ओळखीचं माणूस चालतं. दोघांपैकी एकाला आठवड्यातून दोन दिवस घरून काम मिळू शकतं का? एक जण सकाळची शिफ्ट आणि दुसरा दुपारची घेऊ शकतो का? ऐरोली-घणसोलीच्या आयटी पार्कांत अशी सोय मागणारे कमी नाहीत. खालच्या मजल्यावरचे निवृत्त काका दुपारी दोन तास पेपर घेऊन तुमच्या हॉलमध्ये बसतील का? कॉलेजला जाणारी शेजारची मुलगी तुमच्याकडे अभ्यास करेल का? घरकामाच्या मावशींची वेळ बदलून ती सर्वात अवघड तासाला आणता येते, मात्र त्यांना कुत्र्याची भीती नाही ना हे मोकळेपणी विचारा आणि जादा वेळेचे पैसे द्या.

डे-केअर हा चांगला पर्याय आहे, फक्त आधी स्वतः जाऊन बघा. रेबीजसह लसीकरणाचे कागद ते मागतात का? मागत नसतील तर तिथून परत फिरा. दुपारी कुत्र्यांना पिंजऱ्यात वेगळं ठेवतात का, किती कुत्र्यांमागे एक माणूस असतो, तेही विचारा. पिंजऱ्यात एकटं बसवणार असतील तर जागा बदलली, त्रास तोच.

डॉग वॉकर अर्धा तास येतो, त्याने उरलेले तास भरत नाहीत. आणि बंद गाडीत ठेवून "पाच मिनिटांत येतो" हे कधीच नको. आपल्या हवेत काचा थोड्या उघड्या असल्या तरी गाडी काही मिनिटांत जीवघेणी तापते.

डबा भरायला घेतला की तो थरथरायला लागतो. आम्ही तर अजून निघालोही नाही!

तुमच्या निघण्याची सुरुवात त्याच्यासाठी दारापाशी होत नाही. स्टीलच्या डब्याची कडी खट्‌कन लागली, सॉक्स चढले, ओळखपत्राची दोरी गळ्यात आली, हेल्मेट उचललं, किल्ल्यांचा जुडगा वाजला. ही साखळी त्याला पाठ असते आणि प्रत्येक कडीला भीती एक पायरी वर चढते.

कोणती कडी सर्वात जास्त लागते ते बघा आणि तिला निघण्यापासून तोडा. समजा डबा. सुट्टीच्या दिवशी दुपारी डबा उघडा, कडी लावा, ओट्यावर ठेवून द्या आणि सोफ्यावर जाऊन बसा. किल्ल्या उचला, फ्रीजपर्यंत जा, पुन्हा अडकवा. हेल्मेट हातात घेऊन पाच मिनिटं टीव्ही बघा. दिवसातून आठ-दहा वेळा, विखुरलेलं, कोणताही सोहळा न करता. कुत्रा मानही वर करेनासा झाला की दोन खुणा एकत्र जोडा.

जास्त लागोपाठ केलंत तर उलटं होतं. दिवसभर किल्ल्याच वाजत राहिल्या तर बिचारा दिवसभर ताणात राहतो. एका खुणेला साधारण एक-दोन आठवडे द्या. जी खूण त्याला खटकतच नाही तिच्यामागे वेळ घालवू नका.

दाराचा सराव नेमका कसा करायचा?

यात एकच तत्त्व आहे: भीती सुरू व्हायच्या आत परत यायचं. प्रत्येक वेळी. त्यामुळे सुरुवात मिनिटांत होत नाही, सेकंदांत होते. काही कुत्र्यांची तर शून्यापासून.

पहिल्या टप्प्यात दाराकडे चालत जा आणि परत या. मग लॅचला हात लावून परत. मग लॅच फिरवा, दार उघडू नका. मग वीतभर उघडून लावा. मग सेफ्टी डोअरची कडी काढा-लावा. तिचा लोखंडी आवाज बऱ्याच कुत्र्यांना लॅचपेक्षा जास्त लागतो, म्हणून तो वेगळा टप्पा धरा. मग बाहेर पाऊल टाकून लगेच आत. मग दार ओढून घेऊन लगेच आत. आणि मग लॅच लावून बाहेर एक सेकंद. कुत्रा जागेवरून उठत नाही किंवा नुसता बघून पुन्हा डोकं टेकतो, तेव्हाच पुढे सरका.

बाहेर थांबायला लागलात की वेळ सरळ चढत्या क्रमाने वाढवू नका. दर वेळी आधीपेक्षा जास्त वेळ जाणार हे त्याला कळतं आणि तो वाटच बघत बसतो. ६० सेकंदांचं लक्ष्य असेल तर एक सत्र असं करा: १०, २५, ५, ४०, १५, ६०. प्रत्येक फेरीनंतर एक-दोन मिनिटं घरात नेहमीसारखं वावरा, पाणी प्या, फोन बघा. परत आल्यावर "अरे माझ्या बाळा" करू नका, शांतपणे आत या. पूर्ण सत्र १५ ते २० मिनिटांचं, दिवसातून एकदा, आठवड्यातून चार-पाच दिवस. दोन दिवस सुट्टी द्याच.

प्रत्येक फेरीत व्हिडिओ कॉलवर कुत्रा दिसला पाहिजे. बघायचं ते बारीक: जांभई, ओठांवरून जीभ फिरणं, कान पुढे ताठ होणं, तोंड एकदम मिटणं, पुढचा एक पाय उचलून धरणं. यातलं एखादं दिसलं तर वेळ वाढवायची नाही. दोन-तीन दिसायला लागली तर लगेच आत या आणि पुढची फेरी निम्म्याची करा. "भुंकताना परत आलो तर भुंकायची सवय लागेल" ही शंका सगळ्यांना येते. घाबरलेला जीव असा हिशोब करत नाही. उशिरा आत येण्याचं नुकसान मात्र मोठं आहे.

दोन-तीन मिनिटं शांत गेली की लिफ्ट येते. लिफ्टच्या दाराचा आवाज, जिन्याने उतरणारी पावलं, खाली पार्किंगमध्ये तुमच्याच स्कूटरचा स्टार्टर: यातली प्रत्येक गोष्ट नवी आहे. नवी गोष्ट जोडलीत त्या दिवशी वेळ कमी करा. सात मिनिटांवर असाल तर स्कूटरच्या पहिल्या दिवशी दोन मिनिटंच.

या सरावात खाऊ वापरू नका. कुत्रा खाऊत गुंतला की त्याची खरी पातळी झाकली जाते आणि खाऊ संपता क्षणी भीती उसळते.

वेळ किती वेगाने वाढवायचा? आम्ही १२ मिनिटांवर अडकलोय.

शांत सत्रानंतर साधारण १० ते २० टक्के. एका मिनिटावरून ७० सेकंद, दहा मिनिटांवरून साडेअकरा. पहिली ३०-४० मिनिटं हा सर्वात कठीण चढ. तो पार झाला की पाच-दहा मिनिटांच्या उड्या चालतात, दीड तासानंतर अर्ध्या तासाच्याही.

अडकण्याची कारणं बहुधा ठरलेली असतात. सराव नेहमी संध्याकाळी सातला होतो आणि सकाळच्या वेळी तो पक्का नसतो. किंवा सराव आईने केला आणि घरातून शेवटी बाहेर पडतात ते बाबा. कुत्रा "शेवटचं माणूस गेलं" हे ओळखतो, म्हणून शेवटच्या माणसानेच सराव करायला हवा. किंवा दोन दिवसांपूर्वी कोणीतरी "पटकन दूध आणतो" म्हणून पंधरा मिनिटं गेलं आणि कोणाला सांगितलं नाही. वही ठेवा. तारीख, वेळ, लक्ष्य, काय दिसलं, त्या दिवशी बाहेर काय आवाज होते. दोन आठवड्यांची पानं शेजारी ठेवली की अडचण सहसा स्वतःच दिसते. मग आठ मिनिटांवर परत या आणि तीन-चार सोपे दिवस जाऊ द्या.

खाऊ भरलेलं रबरी खेळणं देऊन निघालो तर?

कंटाळलेल्या कुत्र्यासाठी उत्तम. घाबरणाऱ्यासाठी अपुरं, आणि कधी कधी तेच खेळणं "आता हे जाणार" याची खूण होऊन बसतं. तुम्ही घरात असताना शांत पडून चाटायची सवय म्हणून मात्र जरूर द्या, चाटल्याने कुत्रा निवांत होतो.

मध्यम आकाराच्या खेळण्यासाठी दोन चमचे घट्ट दही, दोन चमचे उकडलेला लाल भोपळा आणि मूठभर बारीक केलेलं बिनमिठाचं उकडलेलं चिकन. रुंद तोंड वर करून फ्रीझरमध्ये चार तास. दही पचतं का हे आधी एका चमच्यावर बघा, आणि जितकं भरलं तितकं जेवणातून कमी करा. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट अजिबात नाही. पीनट बटरच्या बरणीवर झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) लिहिलेलं असेल तर ते कुत्र्याला विष आहे.

रेडिओ किंवा टीव्ही लावून ठेवावा का? कॅमेऱ्यातून त्याच्याशी बोलावं का?

पॅसेजमधले आवाज दबतात म्हणून मंद संगीत किंवा पंख्याचा आवाज ठीक. फक्त निघतानाच लावू नका, एरवीही लावत जा. कॅमेऱ्यातून बोलू नका. आवाज आहे आणि माणूस नाही, म्हणून बहुतेक कुत्रे तुम्हाला शोधत घरभर फिरतात.

क्रेटमध्ये (कुत्र्याच्या पिंजऱ्यात), बाल्कनीत किंवा बांधून ठेवलं तर निदान नुकसान तरी होणार नाही?

सामानाचं नाही, कुत्र्याचं होईल. घाबरलेला कुत्रा क्रेटच्या गजांवर दात मोडून घेतो, नखं रक्तबंबाळ करतो. क्रेटची छान सवय असलेला कुत्राही एकटेपणात तिथे घाबरू शकतो, तेव्हा व्हिडिओत बघून ठरवा. बहुतेकांना मोकळा हॉल जास्त मानवतो.

बाल्कनी तर नकोच. एप्रिल-मेच्या दुपारी पश्चिमेकडच्या बाल्कनीची फरशी भाजते, आणि घबराटीत ग्रिलमधून निसटण्याचा प्रयत्न झाला तर खाली मजले आहेत. दीर्घकाळ आखूड किंवा जड साखळीला बांधून ठेवणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवायची हयगय करणं हाही त्याच कलमात येतो.

भुंकलं की शॉक देणारे किंवा फवारा मारणारे पट्टे याच जातीचे. आवाज थांबतो, भीती तशीच राहते आणि वर वेदना जोडली जाते.

सोबतीला दुसरा कुत्रा आणला तर?

त्याला माणूस हवा असतो, म्हणून बहुधा फरक पडत नाही. दोन घाबरणारे कुत्रे होण्याची शक्यताही आहे. खात्री करायची असेल तर ओळखीचा शांत कुत्रा एक दिवस घरी आणा आणि व्हिडिओ बघा. दुसरा कुत्रा तुम्हाला स्वतःलाच हवा असेल तरच आणा, पहिल्याचं औषध म्हणून नको.

भरपूर दमवलं तर झोपून राहील ना?

व्यायामाने भीती जात नाही, पण अंगातली खदखद कमी होते आणि सराव सोपा होतो. पळवण्यापेक्षा हुंगू द्या. सहाच्या सुमाराला ३०-४० मिनिटं सैल पट्ट्यावर, तो ज्या झाडापाशी थांबेल तिथे थांबत. तलावपाळीची संध्याकाळची गर्दी घाबरट कुत्र्याला झेपत नाही. पहाटे उपवनचा काठ किंवा खारघरमधले रुंद फुटपाथ बरे. येऊरला राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत कुत्रा नेऊ नका, तिथे बिबटे आहेत. फिरून आल्यावर लगेच सराव नको, अंग निवायला अर्धा तास द्या.

उन्हाळ्यात हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा. आपल्याला सहन होत नसेल तर त्याच्या पंजांनाही होत नाही. पावसाळ्यात फिरणं बुडतं तेव्हा त्याचं जेवण जुन्या टॉवेलच्या घड्यांत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यांत लपवा, २० मिनिटं नाक कामाला लागतं. साचलेल्या पाण्यातून मात्र नेऊ नका, लेप्टोस्पायरोसिसचा धोका कुत्र्यालाही असतो.

औषधं द्यावी लागतील का? ती सवयीची होतात म्हणे.

तीव्र त्रासात औषध उशिरा नाही, लवकर सुरू करावं असं आमचं ठाम मत आहे. दार लागताच दहा सेकंदांत कोसळणाऱ्या, नखं मोडून घेणाऱ्या कुत्र्याला सराव शिकण्याइतकंही भान नसतं. औषध ते भान देतं.

फ्लुओक्सेटिनला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कुत्र्यांच्या सेपरेशन अँक्झायटीसाठी २००७ मध्ये मान्यता दिली. क्लोमिप्रामिनला त्याआधीच मिळाली होती. दोन्ही रोज द्यायची असतात आणि परिणाम दिसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. दहा दिवसांत "काही फरक नाही" म्हणून बंद करणं ही नेहमीची चूक. सुरुवातीला भूक कमी होणं, सुस्ती हे दिसू शकतं, व्हेटला कळवा. थांबवायचं तेही हळूहळू मात्रा कमी करत, त्यांच्या सांगण्यानेच.

एक गोष्ट व्हेटला आठवणीने सांगा: गोचिडांसाठी काय वापरता. आपल्या दमट हवेत गोचिडांचं औषध बारमाही चालतं, आणि त्यातल्या अमिट्राझ असलेल्या धुण्याच्या औषधांचं किंवा पट्ट्यांचं फ्लुओक्सेटिन-क्लोमिप्रामिनशी धोकादायक वाकडं आहे. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर तेही सांगा. माणसांच्या गोळ्या स्वतःहून देऊ नका. माणसांच्या काही पातळ औषधांतही झायलिटॉल असतं. नुसती गुंगी आणणारं औषध भीतीवर इलाज नाही, अंग शिथिल होतं पण कुत्रा आतून घाबरलेलाच असतो.

सोसायटीने "कुत्रा काढा" अशी नोटीस दिली आहे. काय करायचं?

भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटी बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी घालू शकत नाही, आणि भुंकणं हे बंदीचं ग्राह्य कारण नाही. त्याच सूचनांत मालकांनी कुत्रा शांत राहील यासाठी, विशेषतः रात्री, सर्व प्रयत्न करावेत असंही आहे. तेव्हा उत्तर लेखी द्या, उपचार चालू असल्याचा व्हेटचा कागद जोडा, महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीची नोंद चालू ठेवा.

पण कायद्याआधी शेजार. रोज तीन तास रडणं ऐकणाऱ्या काकूंचा त्रासही खरा आहे. सराव सुरू करण्याआधी मजल्यावरच्या सगळ्यांना असा निरोप पाठवा:

"नमस्कार, आमच्या कुत्र्याला एकटं राहायची भीती वाटते. व्हेटच्या सल्ल्याने उपचार चालू आहेत. रोज संध्याकाळी ७ ते ७.२० आमचं दार सारखं उघडेल-लागेल, तो सरावाचा भाग आहे. एरवी कधी रडण्याचा आवाज आला तर कृपया वेळ कळवा, आम्हाला त्याची मदत होईल. त्रासाबद्दल मनापासून क्षमस्व."

वेळ कळवायला सांगितलं की तक्रार करणारा माणूस मदतनीस होतो, आणि तुमच्या वहीत एक नोंद वाढते.

घरात केलेली शी-शू कशाने पुसावी?

आधी कापडाने टिपा, मग पाळीव प्राण्यांसाठीचा एन्झाइम क्लीनर ओतून १०-१५ मिनिटं राहू द्या. फरशीच्या सांध्यांत वास राहतो, तिथे जास्त. फिनेल टाळा, त्याचे घटक चाटण्यातून पोटात गेले तर घातक असतात. अमोनिया असलेले क्लीनरही नकोत, अमोनियाचा वास लघवीसारखा असल्याने कुत्रा पुन्हा तिथेच येतो.

नवं पिल्लू आणतोय. हे होऊच नये म्हणून काय करता येईल?

आठ आठवड्यांच्या आधी आईपासून तोडलेलं पिल्लू घेऊ नका. घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यापासून, ते पेंगुळलेलं असताना, बेबी गेटच्या पलीकडे एक मिनिट, अंघोळीपुरतं बाथरूमचं दार बंद, कचरा ठेवून परत. "रडून रडून गप्प होईल" या सल्ल्याने बऱ्याच कुत्र्यांची भीती सुरू होते, तो मानू नका. शू धरून ठेवण्याची ढोबळ मर्यादा म्हणजे महिन्यांतलं वय अधिक एक तास; तीन महिन्यांच्या पिल्लाला जास्तीत जास्त चार तास.

पूर्ण बरं व्हायला किती दिवस? आणि मग किती तास ठेवता येईल?

सौम्य त्रासात काही आठवडे, तीव्र असेल तर अनेक महिने. शांत प्रौढ कुत्र्यालाही सलग चार ते सहा तासांपेक्षा जास्त एकटं ठेवू नये. सकाळची लोकल पकडून सीएसएमटीला जाणं आणि रात्री परतणं, या वेळापत्रकात मधे कोणीतरी येऊन जाण्याची सोय कायमची लागेल.

घसरण होतेच. गणपतीला दहा दिवस गावी सगळं घर एकत्र राहिलं, दिवाळीत फटाके वाजले, मुलं मेभर घरी होती, की पुढचे काही दिवस जुनी भीती डोकावते. आधी दोन तास राहत असेल तर परतल्यावर पहिल्या दिवशी पाच मिनिटांपासून सुरू करा, कॅमेरा पुन्हा शू-रॅकवर लावा, आणि पहिल्या आठवड्यासाठी काकांना किंवा शेजारच्या मुलीला गावाला निघण्याआधीच सांगून ठेवा.